पोटावरची तारीख

आमच्या दवाखान्यातून सुई घेऊन घरी जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या बेंबीखाली एक चिकटपट्टी असायची आणि तिच्यावर निळ्या पेनाने एक तारीख लिहिलेली असायची. पट्टीखाली जखम नसायची, टाका नसायचा, साधा ओरखडाही नसायचा. नुसती तारीख. सर ती स्वतः लिहायचे, आणि डॉक्टरचं अक्षर असूनही ती वाचता यायची, कारण ते एकेक आकडा शाळेतल्या पोरासारखा जीभ बाहेर काढून लिहायचे. अकोल्याहून भूल द्यायला येणारे डॉक्टर हसून म्हणायचे, "सर, पार्सल पाठवताय का?" सर मान वर न करता म्हणायचे, "हो. परत येणारं पार्सल आहे."

ही पट्टी कुठून आली ते त्या भूलवाल्या डॉक्टरांना कधी कळलं नाही. मला ठाऊक आहे, कारण ती माझ्यामुळे आली. पण ते सांगण्याआधी सरांविषयी सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की माणूस नुसताच विक्षिप्त होता. विक्षिप्त तर ते होतेच, त्याबद्दल वाद नाही.

मी त्यांच्याकडे अकरा वर्षं सिस्टर होते. खामगावात एका तेलाच्या मिलमागच्या गल्लीत त्यांचा दहा खाटांचा दवाखाना होता. सरकीचं तेल गाळायचे दिवस असले की त्या वासाने माझ्या साड्यासुद्धा भरून जायच्या. खाली दवाखाना, वर दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत सर एकटे. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात मुलांच्या मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया शिकून आलेला हा माणूस खामगावात काय करून राहिला आहे, असा प्रश्न गावाला पडायचा. गावाने स्वतःच त्याचं उत्तरही काढलं होतं. कोणी म्हणे तिकडे भांडण झालं, कोणी म्हणे डोकं फिरलं. सरळ नावाने त्यांना कोणी ओळखत नसे. रिक्षावाल्याला 'मुताचा डॉक्टर' म्हटलं की तो बरोबर आणून सोडायचा.

मला पहिल्यांदा हे नाव ऐकून राग आला होता. सरांना नाही आला. ते म्हणाले, "खोटं काय आहे त्यात? हृदयाच्या डॉक्टरले हृदयाचा म्हणतात, मले मुताचा म्हणतात. प्रत्येकाचं आपलं आपलं काम."

मुंबईत वीस वर्षं काढूनही त्यांची भाषा वऱ्हाडीच राहिली होती, की तिथून आल्यावर त्यांनी ती मुद्दाम परत अंगावर घातली होती, कोण जाणे. भूलवाल्या डॉक्टरांशी इंग्रजी आणि बाकी साऱ्या जगाशी वऱ्हाडी. लहान पोरांना तर ते थेट "काय बे, सकाळी झाली काय?" असं विचारायचे. पोरं हसायची. पण हा प्रश्न ते मोठ्यांनाही विचारायचे. एका लग्नात ओळख करून दिलेल्या पाहुण्याला त्यांनी पंगतीत विचारलं, "दिवसातून किती वेळा जाता?" पाहुणा बिचारा श्रीखंडाची वाटी हातात धरून माझ्याकडे पाहू लागला. त्यानंतर सरांना लग्नाला नेणं मी बंद केलं.

दवाखान्याच्या भिंतीबाहेर गल्लीत जुन्या काळापासून 'येथे लघवी करू नये' असं रंगवलेलं होतं. त्याच्या शेजारी सरांनी पेंटर बोलावून लिहून घेतलं, 'आत करावी. स्वच्छ आहे. कोणीही यावे.' आणि खाली बाण. हा विनोद नव्हता. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यातून आलेल्या बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत, कारण जायला जागा नसते, हे त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी आमच्याकडे पेशंटपेक्षा बाजाराच्या बायका जास्त. सर त्यांच्यासाठी माठ भरून ठेवायला लावायचे आणि फिनेलचा वास आला नाही तर आमच्या मावशीवर ओरडायचे. एका म्हातारीने जाताना त्यांच्या टेबलावर मेथीची जुडी ठेवली, तर दिवसभर ती जुडी त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली.

त्याच टेबलावर एक फूटव्हॉल्व्ह कायमचा ठेवलेला होता. विहिरीत पाइपाच्या तळाशी बसवतात तो. चांगला वजनदार, गंजलेला. एक्स-रे पाहून ज्यांना काही कळत नाही त्यांना तो पाहून कळतं, असा सरांचा अनुभव. मुलाच्या बापाच्या हातात तो द्यायचे आणि विचारायचे, "मोटार बंद केल्यावर पाइपातलं पाणी परत विहिरीत काऊन पडत नाही?"

"याच्यामुळं," बाप म्हणायचा.

"अन् याची झडप ढिली झाली तर?"

"तर पाणी उलटं जाते."

"बस, तुमच्या पोराचं तेच झालं. किडनीतून लघवी दोन नळ्यांनी खाली पिशवीत येते. नळी पिशवीत शिरते तिथं अशीच झडप असते. पिशवी दाबली की लघवी खाली जायले पाह्यजे. झडप ढिली असली की ती वर चढते, संगं जंतू घेऊन. लेकराले हुडहुडी भरून ताप येते. तुम्ही म्हणता मलेरिया. तिकडं किडनी सुकून राह्यली."

मग ते उपाय सांगायचे. काही मुलांची झडप मोठी होता होता आपोआप घट्ट होते, त्यांना फक्त रोज झोपताना थोडं औषध. काहींचं इतकं बिघडलेलं असतं की पोट उघडून नळी नव्याने बसवावीच लागते. पण यांच्या मधली पुष्कळ मुलं असतात. त्यांच्या लघवीच्या वाटेने दुर्बीण आत न्यायची, नळीच्या तोंडाखाली सुईने जेलचा थेंब सोडायचा. तिथे मटाराच्या दाण्याएवढा उंचवटा येतो आणि तोंड मिटतं. कापणं नाही, टाके नाहीत, संध्याकाळी घरी. फक्त एक अट. तीन महिन्यांनी परत येऊन लघवी वर चढत नाही ना ते तपासायचं, आणि तोवर झोपतानाचं औषध बंद करायचं नाही. कारण काही मुलांत तो उंचवटा बसका होतो आणि सुई पुन्हा द्यावी लागते. सुईपेक्षा ही अट सांगायला सरांना जास्त वेळ लागायचा. शिवाय ते घरी पोस्टकार्ड टाकायचे, कारण लोकांचे मोबाइल नंबर दर सहा महिन्यांनी बदलतात आणि पत्ता बदलत नाही.

एकदा त्यांना एका शाळेने स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. मी बरोबर होते. शाल झाली, हार झाला, आणि सर भाषणाला उठायचे सोडून मुख्याध्यापकांना म्हणाले, "पोरींची मुतारी पाहू." मुख्याध्यापकांना वाटलं पाहुण्यांनाच जायचं आहे. ते त्यांना स्टाफच्या बाजूला न्यायला लागले. सर म्हणाले, "माझी नाही, पोरींची." तिला कुलूप होतं. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई संमेलनाच्या सामानासाठी गावात गेलेला. तर हा माणूस गळ्यात हार घालून त्या कुलूपबंद दाराच्या पायरीवर बसला. समोर सहाशे पोरं मंडपात, माइकवर कोणीतरी "प्रमुख पाहुणे थोड्याच वेळात" असं सांगतंय, आणि प्रमुख पाहुणे मुतारीच्या पायरीवर. पाऊण तासाने किल्ली आली. दार उघडलं तेव्हा आत तुटके बाक आणि खडूची खोकी रचून ठेवलेली होती.

सर मंडपात गेले आणि एवढंच बोलले, "या शाळेतल्या पोरी सकाळी दहापासून पाचपर्यंत पाणी पीत नाहीत. काऊन पीत नाहीत ते मी आत्ता पाहून आलो." आणि खाली बसले. टाळ्या वाजल्या नाहीत. त्या शाळेने, आणि आजूबाजूच्या कोणत्याच शाळेने, त्यांना पुन्हा बोलावलं नाही. परतताना गाडीत मी म्हटलं, "सर, दोन शब्द बरे बोलला असता तर काय बिघडलं असतं?" ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "माह्यासंगं कोणी जेवायलेही बसलं नाही ना सिस्टर. पुऱ्या चांगल्या होत्या."

हे असं होतं त्यांचं. माणसं दूर जातील असं वागायचं, आणि मग ती गेली याचं वाईट वाटून घ्यायचं. त्यांची पत्नी मुलीच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेली ती हळूहळू तिकडचीच झाली. भांडण नव्हतं. दर रविवारी फोन यायचा, सर जिन्यातच उभे राहून बोलायचे, दोन मिनिटांत संपायचा. दिवाळीच्या दिवशी ओपीडी बंद असली तरी ते पांढरा कोट घालून खाली यायचे आणि खुर्चीवर बसायचे. मी मलकापूरला भावाकडे जाण्याआधी माठ भरायला म्हणून डोकावायची. ते विचारायचे, "कोणी आलं?"

"सर, आज दिवाळी आहे."

"पोरांच्या लघवीले दिवाळी कळते काय?"

माझंही घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. भावाकडे मी तास-दोन तास थांबून परत यायची आणि उगाच अवजारं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हची भांडी पुसत बसायची. पण आम्ही दोघांनी हे कधी एकमेकांना बोलून दाखवलं नाही. ते सर होते, मी सिस्टर होते. त्यांच्यासमोर मी अकरातली पहिली सहा वर्षं कधी खुर्चीवर टेकलेसुद्धा नाही.

आता त्या मुलीचं सांगते.

मोताळा तालुक्यातल्या एका खेड्यातून आली होती. पाच वर्षांची, नाव सानिका. घरची भाजीपाल्याची शेती, मोठं एकत्र कुटुंब, आणि कुटुंबाचा कारभार मुलीच्या मोठमायच्या हाती. मोठमाय म्हणजे बापाची थोरली वहिनी. उंच, खणखणीत आवाजाची बाई. सानिकाला दोन वर्षं अधूनमधून ताप येत होता आणि दर वेळी सलाइन लावून घरी पाठवत होते. सरांनी तपासणी केली तेव्हा उजवी किडनी आक्रसून गेलेली होती. डावी चांगली होती, पण लघवी तिच्यातही वर चढत होती.

सरांनी फूटव्हॉल्व्ह बाजूला ठेवला आणि मुलीच्या आईला सांगितलं, "बाई, हिले एकच किडनी आहे असं समजा. तिले आपण वाचवू."

आई म्हणाली, "हाव." मोठमाय म्हणाली, "ऑपरेशन किती मोठं आहे?" सर म्हणाले, "पंधरा मिनिटाचं." मोठमायचा चेहरा तिथेच उतरला. मोठ्या दुखण्याला मोठं ऑपरेशन लागतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सुई झाली. सर पुढच्या मुलाकडे वळले. मी सानिकाला खाटेवर आणलं. ती शुद्धीवर आल्यावर मोठमायने सगळ्यांदेखत तिचा फ्रॉक वर केला, पोट पाहिलं, कूस बदलून पाठ पाहिली आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "टाके कुठी आहेत? काईच नाई केलं यायनं. लेकराले झोपवलं अन् उठवलं! असा फसवा डॉक्टर पाह्यला नाई बापा मी."

मी समजावलं. दुर्बीण, सुई, लघवीची वाट, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सुई तं आमच्या गावचा डॉक्टरबी देते." शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या मुलाचं पोट चाचपून पाहू लागली. सानिकाची आई खाली मान घालून बसली होती, कारण इथे यायचा हट्ट तिने धरला होता.

माझं डोकं तापलं. हा माणूस बायकामुलं सोडून इथे यांच्या पोरांसाठी राहतो, आणि यांनी त्याला फसवा म्हणायचं? मी ड्रेसिंगच्या ट्रॉलीकडे गेले, गॉजची चौकोनी घडी घेतली, मुलीच्या बेंबीखाली ठेवली आणि वर चिकटपट्टी ओढली. म्हटलं, "जखम आतून आहे. पट्टी ओली करू नका, काढू नका. आपोआप पडेल."

मोठमायचा चेहरा खुलला. "असं सांगा ना मंग आधी," ती म्हणाली. मी औषध बंद करायचं नाही, तीन महिन्यांनी यायचं, हेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि संध्याकाळच्या एसटीने गेले. मला स्वतःचा अभिमान वाटला. सरांना यातलं काही सांगितलं नाही. खोटेपणाला त्यांनी नाही म्हटलं असतं.

तीन महिने झाले, ती आली नाही. सरांनी कार्ड टाकलं. चौथ्या महिन्यात दुसरं. त्याच सुमारास एक गंमत सुरू झाली. मोताळ्याकडून एकामागून एक पेशंट येऊ लागले आणि विचारू लागले, "बिना निशाणवाले डॉक्टर हेच काय?" एक जण हर्नियासाठी आला. एक बाई गालावरचा मस काढायला आली. सर चक्रावून गेले. "सिस्टर, हे मले कशाबद्दल नावाजून राह्यले?" मी म्हटलं, "तुमचा हातगुण, सर." मला अंदाज येत होता, पण मी तो पुढे येऊ दिला नाही.

सातव्या महिन्यात सानिका तापाने फणफणलेली आली. पाच दिवस घरी काढून आणली होती. बापाने उचलून आणली तेव्हा तिची मान त्याच्या खांद्यावर टिकत नव्हती. सलाइन लावताना तिची आई माझा पदर धरून म्हणाली, "ताई, पट्टी बाराव्या दिवशी आपोआप पडली. निशाणबी नव्हतं. साऱ्या गावानं येऊन पाह्यलं. मोठमाय म्हणे, जखम भरली, आता औषध कशाले? कार्ड आले होते ताई, पण जखम तं भरली होती ना."

म्हणजे जी नव्हतीच ती जखम भरली म्हणून यांनी औषध बंद केलं, आणि ती जखम मी दिली होती.

आठ दिवसांनी ताप उतरला. नंतर नागपूरला किडनीचा स्कॅन झाला. डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला डाग पडला होता. तेवढा भाग गेला तो गेला, परत येत नाही. आज ती मुलगी दहावीला आहे, दर वर्षी रक्तदाब आणि रक्त तपासून मला रिपोर्टचा फोटो पाठवते, डाग तेवढाच आहे. पण तेव्हा हे कोणाला ठाऊक होतं? तेव्हा एवढंच ठाऊक होतं की तिच्याकडे एक किडनी होती आणि आता ती पूर्ण एक राहिली नव्हती.

सरांनी पुन्हा दुर्बिणीतून पाहिलं. उंचवटा बसका झाला होता. ते केसपेपर घेऊन खिडकीशी उभे राहिले आणि लाल पेनाने लिहिलं, 'सुई चुकली. हात.' एवढंच. मला वाटलं आता सांगावं. पण फसवा म्हणू नये म्हणून मी जे केलं होतं, ते सांगून मीच फसवी ठरणार होते. या दवाखान्याशिवाय मला दुसरी जागा नव्हती. मी उद्या सांगू म्हटलं. मग परवा.

सानिकाचा बाप दुसरीकडे जायला तयार नव्हता. "जे करायचं ते तुमीच करा," म्हणाला. म्हणून दीड महिन्याने सरांनी तिला दुसरी सुई दिली. त्याआधी ते पाच मिनिटं हात धुवत राहिले होते. पण तिच्याखेरीज कोणालाच त्यांनी सुई दिली नाही. येणाऱ्या प्रत्येक मुलाला चिठ्ठी लिहून मोठ्या शहरात पाठवू लागले. कोणी जायचं, बहुतेक जायचे नाहीत. चिखलीजवळचा एक बाप चिठ्ठी खिशात घालून म्हणाला, "साहेब, खामगावलेच कसातरी आलो." सकाळी झाली काय, हा प्रश्नही त्यांनी पोरांना विचारणं सोडलं. बोलणं कामापुरतं. दुपारी डबा वर मागवायचे आणि अर्धा परत यायचा. रविवारचा फोन वाजून वाजून थांबायचा. मी खाली बसून हे सगळं ऐकायची.

दुसऱ्या सुईनंतर तीन महिन्यांनी सानिका आली. या वेळी तारखेच्या एक दिवस आधीच आली, मोठमाय स्वतः घेऊन आली. तपासणीत मुलीच्या पिशवीत नळीने एक्स-रेत पांढरं दिसणारं पाणी भरतात आणि ती लघवी करत असताना एक्स-रे काढतात. सानिका लाजून अडून बसली. मोठमाय भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि नळ सोडून "शूऽऽ शूऽऽ" करू लागली. अखेर झालं. पडद्यावर पांढरं पाणी खाली गेलं आणि फक्त खालीच गेलं. डाव्या नळीत एक थेंब चढला नाही.

मोठमायने सरांच्या पायाला हात लावला. सर मागे सरकले. ते लोक गेले, ओपीडी संपली, आणि मी त्यांना बोळातल्या बाकावर बसलेलं पाहिलं. मला वाटलं, आता हसतील. ते म्हणाले, "खात्री झाली सिस्टर."

"कसली?"

"दुसऱ्यांदा बरोबर बसली म्हणजे पहिल्यांदा हातच चुकला होता. इतके दिवस थोडी शंका होती. आता नाही. सुईचं सामान परत पाठवून द्या कंपनीले. हे काम माह्याच्यानं होत नाही."

चिखलीच्या त्या बापाचा चेहरा माझ्या डोळ्यासमोर आला. आणखी किती जण चिठ्ठी खिशात घालून घरी जाणार होते? मी म्हटलं, "सर, हात चुकला नव्हता. काही लेकरांत तो उंचवटा बसका होतो, हे तुम्हीच सांगता. म्हणून तर तीन महिन्यांनी बोलावता. ती आली नाही, कारण मी तिच्या पोटावर पट्टी लावली होती." आणि मग सगळं सांगितलं, मोठमाय काय बोलली ते, मला राग कसा आला ते, पट्टी, निशाण, गाव, सगळं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

त्यांनी विचारलं, "तुम्हाले कधी कळलं हे?"

"ती तापात आली त्याच दिवशी."

"म्हणजे पाच महिने."

"हो, सर."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले, "पट्टीचं मी समजतो. गरम डोक्यानं माणूस काहीबी करते. पण हे पाच महिने मी वर जाऊन कोणाशी बोलून राह्यलो होतो, माहीत आहे तुम्हाले? या हाताशी. रोज त्याले समोर धरून विचारत होतो, सांग बे, कुठी चुकला तू? अन् उत्तर माहीत असलेलं माणूस खाली बसलं होतं."

मी म्हटलं, "सर, मी उद्यापासून येत नाही."

"अन् मले कोण राह्यलं मंग?"

इतकं साधं विचारलं त्यांनी. त्यांनी बाकावर थोडं सरकून जागा केली. "बसा," म्हणाले. मी बसले. बाहेर मिलचा भोंगा झाला, कामगार सायकली काढू लागले. त्यांनी उजवा हात पुढे धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि मला दाखवून हळूच विचारलं, "मंग हा बरा आहे म्हणता?"

"बरा आहे, सर," मी म्हटलं, आणि तिथेच मला रडू फुटलं. पुढच्या मुलाला सुई दिली तेव्हा पट्टी त्यांनी स्वतःच माझ्याकडे मागितली आणि तिच्यावर निळ्या पेनाने तीन महिन्यांनी परत यायची तारीख लिहिली.